साहेब कसा आहे?

नगर जिल्ह्यात कुणाची बदली झाली, की त्याला पगार ठाऊक असतो, घरभाडं ठाऊक असतं, मुलांच्या शाळेचं बायको बघते. त्याला एवढंच विचारायचं असतं : साहेब कसा आहे? हा प्रश्न ऑफिसात विचारायचा नसतो. बाहेरच्या टपरीवर, कटिंग हातात आल्यावर, शिपायाला विचारायचा. शिपायाचं उत्तर अर्ध्या ओळीचं असतं. ‘ओरडतो, पण मनात ठेवत नाही.’ ‘माणूस देव आहे, फक्त अकराच्या आत फाईल नेऊ नका.’ किंवा मग, ‘गोड बोलतो हो.’ हे तिसरं उत्तर मिळालं की जाणकार माणूस तिथूनच बदली रद्द करायच्या खटपटीला लागतो.

याच प्रश्नाचं कागदी रूपही आहे : कॅनडाने 2013 मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यासाठी आणि सुरक्षिततेसाठी राष्ट्रीय मानक काढलं. हेल्मेट आणि हातमोजे जसे, तसंच मनाचंही काहीतरी हवं, हा त्यामागचा विचार. त्यात 13 घटक आहेत : वागणुकीतला आदर, कामाचा बोजा, कौतुक, अपेक्षांची स्पष्टता, निर्णयात सहभाग वगैरे. 2021 मध्ये त्याच विषयावर आयएसओ 45003 हे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मानकही आलं. मी ते तेराही घटक वाचून काढले. टपरीवरच्या शिपायाला सांगण्यासारखं त्यात फारसं नवीन सापडलं नाही. कुठल्या साहेबाच्या केबिनमध्ये कितव्या क्रमांकाचा घटक कमी पडतो, हे तो खुर्चीच्या पाठीवरच्या टर्किश टॉवेलवरून सांगू शकेल.

तरी आपल्याकडे हा विषय आता पोचलाय. पोचला तो कार्यशाळेच्या रूपाने, कारण आपल्याकडे सगळंच कार्यशाळेच्या रूपाने पोचतं. ओळखीतल्या एका कारखान्यात ‘तणावमुक्त जीवन’ असा कार्यक्रम झाला. रविवारी ठेवला होता, म्हणजे उत्पादन बुडू नये. हजेरी सक्तीची. पुण्याहून वक्ते आले. प्रत्येकाला एकेक फुगा दिला आणि सांगितलं, की तुमच्या मनावर ज्या गोष्टीचा ताण आहे ती यावर लिहा आणि टाचणीने फोडा. सगळे फुगवायला लागले. एक फिटर मात्र फुगा हातात धरून नुसताच उभा. वक्त्यांनी प्रेमाने विचारलं, ‘का हो, लिहीत का नाही?’ तो म्हणाला, ‘नाव लिहायचं का हुद्दा?’ सुपरवायझर मागेच उभे होते. ते सगळ्यात मोठ्यानं हसले, त्यामुळे पुढचे दोन महिने फिटरचं काही खरं नाही, हे सगळ्यांना कळलं.

एकत्र राहून मनं जुळवायचा एक जुना आणि फारच जालीम प्रयोग नगर शहरातच झालाय. ऑगस्ट 1942 मध्ये इंग्रजांनी काँग्रेस कार्यसमितीचे बारा पुढारी मुंबईहून रेल्वेने आणून नगरच्या किल्ल्यात ठेवले. नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल, पंत, कृपलानी, नरेंद्र देव, आपले शंकरराव देव. एकेकाचा स्वभाव असा, की दोघांना एका टांग्यात बसवायचं तरी विचार करावा लागेल. त्यांना अडीच वर्षांहून जास्त एका अंगणाभोवती राहायचं होतं, सुरुवातीला तर वर्तमानपत्र आणि पत्रंसुद्धा बंद. कुणी फुगे दिले नाहीत. नेहरूंनी खडकाळ जमीन खणून फुलांचे वाफे केले. मौलाना पहाटेच्या अंधारात उठून स्वतःचा चहा स्वतः करत आणि खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्यांशी वाटाघाटी करत; त्या त्यांच्या ‘गुबार-ए-खातिर’मध्ये आल्या आहेत. नेहरूंनी तिथेच ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं आणि प्रस्तावनेत सोबतच्या काही कैद्यांचे आभार मानले. एका कोठडीवजा घरात अडीच-अडीच वर्षं काढून वर पुस्तकात आभार मानणारे सहकारी कुठल्या खात्यात निघतील, मला शंका आहे. माझा अंदाज असा, की प्रत्येकाला स्वतःचा एक कोपरा आणि त्या कोपऱ्यात स्वतःचं एक काम होतं, म्हणून ते निभावलं. पण हा अंदाजच. शिवाय पुढारी तुरुंगात असले की एकमेकांशी बरे वागतात, असाही एक नियम असू शकेल.

मानसिक सुरक्षितता, म्हणजे न घाबरता बोलता येणं, हा शब्दप्रयोग ज्यांच्यामुळे रूढ झाला, त्या हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांची सुरुवात एका गोंधळातून झाली. नव्वदच्या दशकात त्या रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका मोजत होत्या. ज्या वॉर्डात माणसं मिळूनमिसळून काम करतात तिथे चुका कमी निघतील, असा सरळ हिशोब. निघाल्या जास्त. पुढे उलगडा झाला, की चांगल्या वॉर्डात चुका जास्त होत नव्हत्या, जास्त सांगितल्या जात होत्या. वाईट वॉर्डात हेडसिस्टरच्या धाकाने कागद स्वच्छ राहत होता. 1999 मध्ये त्यांचा मानसिक सुरक्षिततेवरचा गाजलेला निबंध आला. तो वाचताना मला आपल्याकडच्या मासिक अहवालांची आठवण झाली. ‘निरंक’ हा शब्द ज्या तालुक्यातून सर्वांत जास्त येतो, तिथे नेमकं काय चाललंय ते बघायला जावं.

आणि इथे जामखेडचं सांगायला हवं, कारण एडमंडसनबाईंचा निबंध यायच्या जवळजवळ तीस वर्षं आधी माणसांना बोलतं करायचं काम तिथे सुरू झालं होतं आणि त्याला कुणी मॅनेजमेंट म्हटलं नव्हतं.

जामखेड नगर जिल्ह्यातच आहे, पण नगरहून तिथे जायचं तर वाटेत बीड जिल्ह्यातलं आष्टी ओलांडावं लागतं. घरातल्याच एका खोलीत जायला शेजाऱ्याच्या अंगणातून जावं, तसं. दुष्काळी मुलूख, बरीच माणसं ऊसतोडीला. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दाम्पत्य इथे आलं. दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे, पुढे अमेरिकेत शिकलेले. सुरुवात केली ती जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत. त्या वेळी भागातली हजारातली 176 बाळं वर्षाच्या आत दगावत.

पहिली युक्ती फसली. खेड्यात शिकलेल्या नर्स ठेवायच्या ठरल्या, तर त्या पोरींना परक्या गावात एकटं राहायची भीती वाटे आणि गावाला त्यांचा भरवसा वाटेना. म्हणून मग गावातल्याच बायका निवडल्या. बहुतेक निरक्षर, बऱ्याच दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या, अंगठा उठवणाऱ्या. या बायका आरोग्य सांभाळणार म्हटल्यावर नर्सबाईंच्या पोटात गोळा आला : हिला सगळं शिकवलं तर माझं काय? हा प्रश्न आजच्या ऑफिसातही ‘ज्ञानाची देवाणघेवाण’ या गोंडस नावाखाली तसाच तळमळत असतो. डॉक्टर दाम्पत्याने त्यावर परिपत्रक काढलं नाही. डॉक्टर, नर्स, गाडीचा चालक, गावातली बाई, सगळे जमिनीवर गोल करून बसायला लागले. गोलात वरची जागा कुठली, हे ठरवणं अवघड जातं. खुर्चीच नसली की टॉवेल कुठे टाकणार?

बायका शिकायला जामखेडला येत तेव्हा मुक्काम करत, एकत्र जेवत. यात जात आडवी येणार, हे सत्तर सालच्या नगर जिल्ह्यात कुणी सांगायला नको. ‘तिच्या ताटाशेजारी मी कशी बसू’ इथपासून सुरुवात. रात्री सगळ्यांना मिळून अंगावर घ्यायला एकच मोठी गोधडी. थंडीत जिला जात पाळायची तिने पांघरुणाबाहेर झोपावं, एवढाच पर्याय. ऐक्यावर चार व्याख्यानं ठेवली असती तर बायकांनी माना डोलावल्या असत्या आणि घरून आपापली वाकळ आणली असती.

बहात्तरच्या दुष्काळातली विहिरींची गोष्ट तर मला फार आवडते. कूपनलिका घ्यायच्या होत्या. भूवैज्ञानिकाने गावोगाव फिरून पाणी कुठे लागेल ते दाखवलं, आणि काय योगायोग, जागा दलितवस्तीतच निघत गेल्या. शास्त्रच तसं म्हणतंय म्हटल्यावर पाटलांनी काय करायचं? घशाला कोरड पडलेलं गाव हंडे घेऊन तिकडे जायला लागलं. त्या शास्त्रामागे डॉक्टरांची आणि भूवैज्ञानिकाची आधीची कुजबूज होती. व्यवस्थापनाच्या पुस्तकात असल्या कुजबुजीला प्रकरण नसतं.

पण मला खरी गोम दिसते ती त्या गोलात. बाई गावाकडून यायची ती बातम्या घेऊन. कोण गरोदर आहे, कुणाचं पोर हगवणीने सुकलंय, कुठे मूल गेलं. मूल गेलं हे सांगणं कुठल्याही नोकरीत अवघड असतं. सांगितल्यावर ‘तू काय करत होतीस?’ हा पहिला प्रश्न आला, तर पुढच्या वेळी मूल जातं आणि बातमी गावातच राहते. ‘काय झालं, कसं झालं, पुढच्या खेपेला काय करू’ असं विचारलं, तर बाई बोलत राहते. जी बाई नवऱ्याचं नाव घेत नव्हती आणि स्वतःचं नाव सांगताना पदर तोंडात धरत होती, ती पुढे डॉक्टरांना म्हणायला लागली, ‘तसं नाही, आमच्याकडं असं होतं.’ डॉक्टरला असं म्हणता येणं आणि त्यानंतरही काम टिकणं, यापेक्षा वेगळं तेरा घटकांत मला काही सापडलं नाही. नव्वदच्या दशकापर्यंत बालमृत्यूचा तो 176चा आकडा तिसाच्या खाली आला होता. 1979 मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जगभरातून माणसं जामखेडला शिकायला यायला लागली. त्यांना शिकवायला कोण? त्याच बायका. सूटबुटातल्या पाहुण्यांनाही सतरंजीवरच बसावं लागे. गुडघ्यांचे हाल झाले असतील बिचाऱ्यांचे.

2005 मध्ये देशाने गावोगावी ‘आशा’ नेमायला सुरुवात केली. गावातलीच बाई, गावाचं आरोग्य. कल्पना ओळखीची वाटेल. महाराष्ट्रात अशा सत्तर हजारांच्या आसपास आशाताई आहेत. कल्पना जामखेडच्या वळणाची आली, सतरंजी मात्र मागेच राहिली असावी. मोबाइल आला, ॲप आलं, रजिस्टरं आली, मानधन मागेपुढे होत राहिलं. 2021 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये राज्यभरातल्या आशांना संपावर जावं लागलं. बोलायला जागा नसली की माणसं मोर्चात बोलतात, आणि तिथे मात्र सगळे जमिनीवरच बसतात.

माझी एक मावसबहीण आशा आहे. मध्यंतरी तालुक्याच्या ठिकाणी त्यांचं ताणतणाव व्यवस्थापनाचं प्रशिक्षण झालं. संध्याकाळी मी फोन केला.

‘कसं झालं गं?’

‘चांगलं झालं. साहेब दोन तास बोलले. वडापाव होता.’

‘तुम्ही काही बोललात का?’

‘शेवटी साहेब म्हणाले ना, कुणाला काही अडचण असंल तर मोकळेपणानं सांगा.’

‘मग?’

‘मग काय, समद्या एकदम म्हणालो, काही अडचण नाही, सर.’

‘अगं, तुझं तीन महिन्यांचं मानधन?’

‘ते असं सगळ्यांसमोर सांगतात व्हय? मग फोटो काढला, साहेबांनी ग्रुपवर टाकला. आम्ही समद्यांनी अंगठे दिले.’