बसण्याचा खर्च

वडापवाला पावती देत नाही. एवढ्या एका कारणावरून सहा बायकांचे बाराशे रुपये बुडाले.

सातारा जिल्ह्यातल्या एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. लगतच्या दोन वाड्यांमध्ये पाण्याच्या टाकीवरून पेटलेलं होतं. कुणी तरी पाइप फोडला, कुणाच्या तरी पोराचं डोकं फुटलं, पोलिसांत तक्रार झाली, सणासुदीला एकमेकांच्या दारात जाणं बंद झालं. गटातल्या सहा जणी सलग पाच मंगळवार वडापनं, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खासगी गाडीनं, पलीकडच्या वाडीत गेल्या. ओसरीवर बसल्या, ऐकून घेतलं, परत आल्या. पहिल्या दोन मंगळवारी तर नुसत्या शिव्याच ऐकल्या. सहाव्या मंगळवारी पलीकडच्या बायका इकडे आल्या आणि पाणी कुणाला किती वाजता सोडायचं ते ठरलं.

गटाच्या सचिव ताईंनी वही माझ्यासमोर उघडली. शाळेतली चौरेघी वही, मुलाची उरलेली. वडाप जाऊन-येऊन २४० रुपये, पाच वेळा. रिकाम्या हातानं कुणाकडे कसं जायचं, म्हणून साखर-चहापत्ती ९० रुपये, सहा वेळा, शेवटची इकडे आलेल्यांसाठी. एकूण १,७४०. खाली पेन्सिलीनं बेरीज पडताळून पाहिलेली.

हे पैसे एका संस्थेच्या प्रकल्पातून मिळायचे होते. प्रकल्पाच्या नावात ‘सलोखा’ होता, ‘महिला सक्षमीकरण’ही होतं. साखरेची बिलं होती, ती कशीबशी मंजूर झाली. वडापचे बाराशे मात्र ‘पावतीअभावी अमान्य’. याच प्रकल्पाच्या शुभारंभाला तालुक्याच्या गावी हॉल, मंडप, फ्लेक्स, शाली, नारळ आणि दोनशे ताटांचं जेवण झालं होतं. त्या सगळ्याच्या पावत्या होत्या, त्यामुळे तो खर्च बिनबोभाट पास झाला.

मला राग आला तो बाराशे रुपयांचा नाही. भांडण मिटवण्याचं खरं काम ज्या खर्चात झालं, नेमका तोच खर्च कुठल्याच रकान्यात बसत नव्हता, याचा आला.

आपण म्हणतो ना, ‘बसून मिटवा’. उभ्याउभ्या कुठलंच भांडण मिटत नाही. बसावं लागतं, पुन्हा पुन्हा बसावं लागतं. आणि बसायला पैसे लागतात. जायला भाडं लागतं, बुडालेल्या रोजाची भरपाई लागते, मागे लहान मूल सांभाळायला कुणी तरी लागतं. जगभरात शांततेसाठी पैसे देणारे हॉल भाड्यानं घेतात, अहवाल छापतात, तज्ज्ञ विमानानं आणतात. बसणाऱ्या बाईला ते विचारत नाहीत, की आज तू घरी चूल कशी पेटवलीस?

लायबेरियाचं घ्या. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा छोटासा देश. १९८९ ते २००३ या काळात तिथे दोन यादवी युद्धं झाली आणि अडीच लाखांच्या आसपास माणसं मेली. देशाची वस्तीच तेव्हा तीस लाखांच्या घरात होती. दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या हातात बंदुका दिलेल्या. एका बाजूला राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर, दुसऱ्या बाजूला बंडखोरांच्या टोळ्या, मध्ये बायका.

लेमा ग्बोवी ही समाजसेविका तेव्हा तिशीतली, पदरात मुलं. तिनं चर्चमधल्या बायका गोळा केल्या. आसातू बा केनेथ ही पोलीस खात्यातली मुस्लिम बाई त्यांच्या सभेत उठली आणि म्हणाली, माझ्या मुस्लिम बहिणींनाही मी घेऊन येते. दोन्हीकडे कुरकुर झाली. ख्रिस्ती बायकांना मुसलमान बायकांबरोबर बसणं पटेना, त्यांना यांच्याबरोबर. गोळी धर्म विचारून लागते का, या साध्या प्रश्नावर ती कुरकुर थांबली.

एप्रिल २००३ मध्ये या बायका राजधानी मनरोव्हियातल्या मासळी बाजाराजवळच्या मैदानात येऊन बसल्या. जागा हुशारीनं निवडलेली होती, टेलरच्या गाड्यांचा ताफा रोज तिथूनच जायचा. अंगात पांढरे टी-शर्ट, डोक्याला पांढरं फडकं. दागिना नाही, रंगरंगोटी नाही. उन्हात बसल्या, पाऊस आला तेव्हा पावसात बसल्या. आज, उद्या, परवा. अखेर २३ एप्रिलला टेलरला त्यांना भेटावं लागलं.

मी या प्रसंगाबद्दल वाचते तेव्हा माझं लक्ष त्या भेटीवर थांबत नाही. ते आधीच्या दिवसांवर थांबतं. मासे विकणारी बाई मैदानात बसली तर त्या दिवशी मासे विकत नाही. ती घरी जाऊन पोरांना काय घालते? लांबच्या निर्वासित छावणीतून येणारी कशातून येते? पिण्याचं पाणी कोण आणतं? इतिहासाच्या पुस्तकात पांढरे टी-शर्ट येतात. हे येत नाही.

जूनमध्ये शेजारच्या घानात शांतता परिषद भरली. टोळ्यांचे म्होरके हॉटेलांत उतरले. आठवडे गेले. ग्बोवीनं नंतर वारंवार सांगितलंय, की ही माणसं तिथे सुट्टीवर आल्यासारखी राहत होती आणि बिल बाहेरचे देश भरत होते. बायका मात्र आक्राजवळच्या बुदुबुरामच्या निर्वासित छावणीतल्या आयाबहिणींना जोडीला घेऊन सभागृहाबाहेर बसत होत्या. २१ जुलैला मनरोव्हियावर तोफगोळे पडले, माणसं मेली. त्या दिवशी बायका थेट सभागृहाच्या दाराला लागून, हातात हात अडकवून जमिनीवर बसल्या. तह होईपर्यंत आतला एकही पुरुष बाहेर पडणार नाही, म्हणाल्या.

पहारेकरी ग्बोवीला अटक करायला आले. ती उभी राहिली आणि अंगावरचे कपडे उतरवू लागली. पश्चिम आफ्रिकेत आईच्या वयाच्या बाईनं रागानं स्वतःला उघडं केलं तर पाहणाऱ्याला शाप लागतो, अशी समजूत आहे. पहारेकरी मागे सरले. मध्यस्थ होते नायजेरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष जनरल अब्दुलसलामी अबुबकर. त्यांनी बायकांचं म्हणणं मानलं आणि आतल्या पुरुषांना दम भरला. ११ ऑगस्टला टेलरनं सत्ता सोडली. १८ ऑगस्टला तहावर सह्या झाल्या.

आणि मग पैसा आला. तो कुणाकडे गेला, ते बघा.

बंदूक खाली ठेवणाऱ्या प्रत्येकाला ३०० डॉलर द्यायचे ठरले, दोन हप्त्यांत. डिसेंबर २००३ मध्ये राजधानीबाहेरच्या एका छावणीत शस्त्रं जमा करून घ्यायला सुरुवात झाली आणि पहिल्याच फेरीत गोंधळ उडाला. अंदाजापेक्षा कितीतरी जास्त पोरं आली, पैशावरून दंगा झाला, माणसं मेली, मोहीम काही महिने थांबवावी लागली. त्या पोरांना ओळखणाऱ्या, त्यांच्याशी बोलू शकणाऱ्या बायका मदतीला तयार होत्या. त्यांना आधी विचारलंच नव्हतं. अखेरीस एक लाखाहून अधिक जणांनी नावं नोंदवली, शस्त्रं मात्र २८ हजारांच्या आसपासच जमा झाली.

बंदूकवाल्याला पैसे देऊ नका, असं मी म्हणत नाही. त्यांतली कितीतरी शाळेच्या वयाची मुलं होती, पळवून नेलेल्या मुली होत्या, त्यांना उभं करणं गरजेचंच होतं. माझा प्रश्न निराळा आहे. ज्यानं बंदूक धरली त्याच्यासाठी रकाना तयार होता. जिनं बंदूक थांबवली तिच्यासाठी का नव्हता?

तिच्यासाठी काय करता आलं असतं, याची उत्तरंही त्याच देशात आहेत. २००५ च्या निवडणुकीआधी बायकांची मतदार नोंदणी कमी होत होती. या कार्यकर्त्या बाजारात गेल्या आणि विकणाऱ्या बायकांना म्हणाल्या, तू जाऊन नाव नोंदवून ये, तोवर तुझा गाळा मी बघते, तुझं पोर मी सांभाळते. त्या निवडणुकीत एलन जॉन्सन सरलीफ जिंकल्या, आफ्रिकेतल्या पहिल्या निवडून आलेल्या महिला राष्ट्राध्यक्ष. पुढे खेडोपाडी ‘पीस हट’ उभ्या राहिल्या. डोक्यावर छप्पर असलेली साधी झोपडी. तिथे बायका बसतात, जमिनीचे, नवरा-बायकोचे वाद ऐकतात, प्रकरण हाताबाहेर जाणारं दिसलं तर पोलिसांना कळवतात. छप्पर, बाकडी, एक फोन. शांततेचा खर्च म्हणजे हा.

आपल्या देशाचाही यात वाटा आहे. जानेवारी २००७ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाची, म्हणजे सीआरपीएफची, महिलांची तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या वतीनं मनरोव्हियात दाखल झाली. जगात तशी ती पहिलीच. नऊ वर्षं, एकीमागून दुसरी अशा तुकड्या तिथे राहिल्या, रात्रीची गस्त घातली, शाळकरी मुलींना स्वसंरक्षण शिकवलं. या काळात लायबेरियाच्या पोलीस दलात बायकांचं प्रमाण ६ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर गेलं. नऊ वर्षं. दीड वर्षाच्या प्रकल्पात हे झालं नसतं.

कागदावर सगळं ठीक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं ऑक्टोबर २००० मध्ये १३२५ क्रमांकाचा ठराव केला, शांततेच्या कामात बायका हव्यातच म्हणून. २०१० मध्ये शांतता उभारणीच्या निधीतला १५ टक्के वाटा त्यांच्यासाठी ठेवायचं लक्ष्य ठरलं. २०१५ मध्ये श्रीलंकेच्या राधिका कुमारस्वामी यांच्या अभ्यासगटानं ठरावाचा पंधरा वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा शांतता आणि सुरक्षेसाठी दिलेल्या मदतीतली फक्त दोन टक्के रक्कम स्त्री-पुरुष समानता हा मुख्य हेतू धरून दिलेली होती. २०२४ मध्ये जगानं सैन्यावर २,७१८ अब्ज डॉलर खर्च केले. तिथे वडापची पावती कुणी मागितल्याचं ऐकलं नाही.

एक आक्षेप मला माहीत आहे आणि तो खरा आहे. पैसा आला की काम नासतं. जी बाई स्वतःहून ओसरीवर जाऊन बसत होती, ती उद्या विचारते, भत्ता किती? गटाची अध्यक्ष जीपमधून फिरू लागते आणि बाकीच्या तिच्या मागे सह्या करत बसतात. हे मी पाहिलंय. पण ही नासाडी मोठ्या, घाईच्या आणि एका माणसाच्या हातात आलेल्या पैशाची असते. लायबेरियातल्या बाजारात बायका ‘सुसु’ चालवतात, म्हणजे आपली भिशीच. दहा जणींनी दर आठवड्याला टाकायचे, पाळीपाळीनं एकीनं उचलायचे. तिथे पैसा कुणी खाऊ शकत नाही, कारण सगळ्यांचं सगळ्यांवर लक्ष असतं. आमच्या ताईंची पेन्सिलीनं पडताळलेली बेरीजही तशीच. दहा जणींसमोर मोठ्यानं वाचलेला हिशेब हा हिशेब नाही, असं कुणी ठरवलं?

महाराष्ट्रानं २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम काढली. तंटे मिटवणाऱ्या गावाला लोकसंख्येप्रमाणे बक्षीस, लाखांत. कल्पना चांगली होती, कितीतरी गावांत त्यामुळे लोक एकत्र बसले. पण बक्षीस तंटा मिटल्यावर मिळायचं. बसायला भाडं तंटा चालू असताना लागतं. भिवंडीत १९८४ च्या दंगलीनंतर, १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बसवल्या, दोन्ही समाजांची माणसं महिनोन्महिने एका सतरंजीवर आणली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. समित्या दंगल पेटल्यावर बसवल्या असत्या तर काय उपयोग होता?

म्हणून देणाऱ्यांना माझं सांगणं आहे. लहान रक्कम द्या, पण पाच-सात वर्षं द्या. गटाला द्या, एकीच्या नावावर नको. भाडं, बुडालेला रोज आणि मुलं सांभाळणारीचे पैसे हे पहिले तीन रकाने करा. पावतीऐवजी बैठकीत वाचून दाखवलेला आणि सगळ्यांनी अंगठा किंवा सही केलेला हिशेब धरा. ‘किती संघर्ष टळले’ हा प्रश्न अर्जातून काढून टाका. टळलेलं भांडण मोजता येत नाही, आणि त्याचा आकडा मागितला की बाई खोटं लिहायला शिकते.

हे सांगायची वेळ वाईट आहे, मला कळतं. २०२५ मध्ये अमेरिकेनं आपली परदेशी मदतीची यंत्रणा मोडीत काढली. आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या मानानं त्या मदतीवर सर्वाधिक विसंबून असलेल्या देशांत लायबेरिया अगदी वरच्या रांगेत होता. त्याच वर्षी यूएन विमेननं ४४ संकटग्रस्त देशांतल्या आणि प्रदेशांतल्या ४११ महिला संस्थांना विचारलं. जवळजवळ निम्म्या म्हणाल्या, हे असंच चाललं तर सहा महिन्यांत टाळं लावावं लागेल. यातल्या कितींकडे आमच्या ताईंसारखी वही असेल, आणि किती वह्यांत वडापचा रकाना अमान्य म्हणून लाल शाईनं खोडलेला असेल, हा प्रश्न मला राहून राहून पडतो.

ताईंना मी विचारलं, आता काय करणार? पलीकडच्या वाडीत नळाच्या वेळेवरून पुन्हा धुसफूस सुरू झाली होती. त्या म्हणाल्या, “जायचं की. दहा-दहा रुपये काढलेत सगळ्यांनी. चालत गेलं तर परतीला अंधार होतो, म्हणून येताना तेवढं वडाप करायचं.”