शार्लमेनचा सातबारा

जे घडले नाही ते घडले असते तर पुढे काय झाले असते, याचा शिस्तशीर विचार करणाऱ्या व्यासंगास प्रतिइतिहास म्हणतात, आणि शार्लमेनचे फ्रँक साम्राज्य, ज्यात आजच्या फ्रान्स, जर्मनी व इटलीचा मोठा भाग मोडत होता, ते नवव्या शतकात नातवांत वाटले न जाता एकसंध राहिले असते तर युरोपचे काय झाले असते, हा त्या व्यासंगाचा एक लाडका प्रश्न आहे. या प्रश्नाचे अभ्यासक आखेन आणि पॅरिस येथे जातात. मुळशी तालुक्यातील नेरे येथे ते येत नाहीत, ही मात्र संशोधनातील गंभीर उणीव होय, कारण हिंजवडीच्या आयटी पार्कचा शेजार लाभल्यामुळे जेथे जमिनीचा भाव एकरावरून गुंठ्यावर, म्हणजे एकराच्या चाळिसाव्या हिश्शावर, आला, त्या पट्ट्यात वाटणी हा विषय शाळेत न शिकवताही सर्वांना येतो.

फ्रँकांचे प्रकरण महसुली दृष्टीने पाहिल्यास अगदी सरळ आहे. शार्लमेनचा पुत्र लुई याने 817 मध्ये थोरल्या लोथारला सम्राटपद आणि धाकट्यांना दुय्यम राज्ये अशी व्यवस्था लावून दिली, परंतु 823 मध्ये दुसऱ्या पत्नीस चार्ल्स हा मुलगा झाला आणि त्याच्या हिश्शासाठी जुन्या वाटणीत फेरफार, म्हणजे हक्कनोंदीतील बदल, सुरू झाले. बाप वारल्यावर भावांनी 841 मध्ये फोंतनॉय येथे एकमेकांचे सैन्य कापून काढले, आणि मग, जे आधी करायला हवे होते ते करून, प्रत्येकाने चाळीस याप्रमाणे एकशेवीस माणसे मोजणीस नेमली. 843 च्या व्हर्दून तहाने लोथारला उत्तर समुद्रापासून रोमपर्यंत लांबच लांब, पण रुंदीला बेताची अशी पट्टी मिळाली, जी पाहून नेऱ्यातील कोणीही जाणकार एवढेच विचारील की रस्ता कोणत्या अंगाला आहे. लोथारचा भाऊ धाकटा लुई याला ऱ्हाइन नदीपलीकडची माइन्झ, वर्म्स व स्पायर ही गावे तेथील द्राक्षमद्यासाठी मिळाली, असे जुने बखरकार सांगतात. सामाईक विहिरीतील पाळीपाण्याचा हक्क लावून घेण्याइतकीच ही दूरदृष्टी होती.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. साम्राज्य एकत्र ठेवणे हे शार्लमेनचे धोरण नव्हते; त्याने स्वतःच 806 मध्ये ते तीन मुलांत वाटण्याचा लेख केला होता, आणि त्यांतील दोघे 810 व 811 मध्ये बापाआधीच वारल्यामुळे ते एकसंध राहिले. मुलींची लग्नेच त्याने होऊ दिली नाहीत, त्यामुळे दावेदार जावई उत्पन्न झाले नाहीत. वारसा कायद्याच्या 1994 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हिस्सा देणाऱ्या महाराष्ट्रात हेच कार्य आज हक्कसोडपत्र, म्हणजे बहिणीने स्वखुशीने हिस्सा सोडल्याचा दस्त, अधिक सौजन्याने पार पाडते.

मराठी प्रतिइतिहासाचा गाभाही निराळा नाही. 1707 मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, त्याच वर्षी खेड येथे त्यांची ताराराणींच्या सैन्याशी लढाई झाली, आणि 1731 च्या तहाने वारणा नदी ही सातारा व कोल्हापूर या दोन गाद्यांमधील हद्द ठरली. या दोन गाद्या एक राहिल्या असत्या तर अटकेपार गेलेला झेंडा परत आला नसता, असे पारावर हिरिरीने मांडणाऱ्या गृहस्थाचा सख्ख्या भावाशी बांधाच्या वीतभर सरकण्यावरून पौडच्या तहसील कचेरीत दावा चालू असतो, आणि या दोन निष्ठांमध्ये त्यास कोणताही विरोध दिसत नाही.

मग एकसंध साम्राज्य प्रत्यक्षात कसे दिसले असते? त्याचे उत्तर 1947 च्या तुकडेबंदी कायद्याने, म्हणजे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे पाडण्यास मनाई करणाऱ्या कायद्याने, केव्हाच देऊन ठेवले आहे. जेथे एक गुंठा स्वतंत्र विकता येत नसे, तेथे परस्परांचे तोंडही न पाहिलेले दहा जण मिळून दहा-अकरा गुंठे घेत, एकाच सातबाऱ्यावर दहाही नावे लागत, आणि जागेवर चुन्याच्या रेघा मारून प्रत्येकाचे कुंपण उभे राही. कागदावर अखंड आणि जागेवर खंडित अशी ही रचना युरोपनेही 962 पासून 1806 पर्यंत पवित्र रोमन साम्राज्य या नावाने चालवून पाहिली, ज्यात सम्राट एक होता आणि आपापले कुंपण सांभाळणारे संस्थानिक शेकड्यांनी होते.

तात्पर्य, एकसंध राहिलेले साम्राज्य म्हणजे ज्याच्या वाटणीचा दावा अद्याप निकाली निघालेला नाही असे साम्राज्य. शार्लमेनचे राज्य पुन्हा जोडू पाहणाऱ्या विद्वानांनी, आणि साताऱ्यास कोल्हापूर जोडणाऱ्या पारावरील मुत्सद्द्यांनीही, आपल्या प्रबंधास प्रथम स्वतःच्या सर्व भावाबहिणींची नोटरी केलेली संमतीपत्रे जोडावीत. ती न जोडल्यास प्रबंध त्रुटीत काढण्यात यावा.