सात थर आणि एक चेन

ठाण्यात थर म्हटलं की दहीहंडी. 2012 साली जोगेश्वरीच्या जय जवान पथकानं आमच्या ठाण्यातच नऊ थर लावून विक्रम केला, तेव्हा मी टीव्हीसमोर श्वास रोखून बसले होते. त्यामुळे टोरांटोहून लेक व्हिडिओ कॉलवर म्हणाली, “आई, येण्याआधी लेअरिंग शिकून घे,” आणि “म्हणजे काय?” या प्रश्नाला “थर गं, थर,” असं उत्तर आलं, तेव्हा मी प्रामाणिकपणे विचारलं, “सत्तावन्नाव्या वर्षी? आणि हंडी कुठे बांधलीय?”

माझं थंडीचं सगळं भांडवल म्हणजे एक मरून स्वेटर. दिवाळीनंतर पुण्यात तिबेटी लोक स्वेटरचे स्टॉल लावतात, तिथे घेतलेला. माल बहुतेक लुधियानाचा असतो. म्हणजे स्वेटर विणला पंजाबात, विकला तिबेटी बाईनं, घेतला पुण्यात आणि घातला ठाण्यात. माझ्यापेक्षा त्याचा प्रवास जास्त झालेला. ठाण्यात तो थंडीसाठी घालतातच असं नाही. कपाटात डांबराच्या गोळ्यांत वर्षभर पडून कुबट होऊ नये म्हणून त्याला जानेवारीत चार दिवस बाहेर काढायचं, गौरीचे मुखवटे बाहेर काढतात तसं. पारा एकवीसवर आला की आमच्या सोसायटीत कानटोप्या दिसायला लागतात. सासूबाई त्यावर हसायच्या आणि 22 जानेवारी 1962 ची गोष्ट सांगायच्या. त्या दिवशी मुंबईत 7.4 अंश नोंदले गेले होते. “आम्ही तेव्हा पहाटे नळावर पाणी भरलंय,” असं त्या अशा थाटात सांगायच्या, की जणू पारा त्यांनीच खाली ओढला होता.

लेकीनं शिकवणी सुरू केली. पहिला थर अंगाला चिकटून, घाम टिपणारा. दुसरा ऊब धरणारा. तिसरा वारा अडवणारा. ऊब कपड्यात नसते, कपड्यांच्या मधे अडकलेल्या हवेत असते. हे मला लगेच पटलं. आमची आजी जुन्या लुगड्यांचे थर एकमेकांवर टाचून गोधडी शिवायची, ती दुसरं काय करत होती? मी म्हटलं, “कळलं. चालती गोधडी व्हायचं.” लेक दोन सेकंद गप्प राहिली. मला वाटलं नेटवर्क गेलं.

खरा घोळ पुढे झाला. ती म्हणाली, “आणि आई, नुसतं एकावर एक चढवायचं नाही. छान दिसलं पाहिजे. आतला शर्ट लांब, वरचा स्वेटर आखूड. प्रत्येक थर थोडा थोडा दिसू दे.”

दिसू दे! आमच्या पिढीच्या बायकांनी आयुष्यातला निम्मा वेळ आतलं बाहेर दिसू नये यात घालवला आहे. लोकलच्या लेडीज डब्यात एक अनोळखी बाई गर्दीतून वाट काढत आपल्याकडे येते, कानाशी लागते आणि कुजबुजते, “परकर दिसतोय.” त्या तीन सेकंदांत त्या बाईचं आणि आपलं सख्ख्या बहिणीचं नातं जुळतं. ब्लाऊजच्या आतली पट्टी दिसू नये म्हणून सेफ्टी पिना, परकर दिसू नये म्हणून साडी जमिनीला टेकलेली. आणि आता माझीच मुलगी सांगत होती, की आतलं लांब आणि बाहेरचं आखूड यालाच स्टाइल म्हणतात. आमच्याकडे याला फजिती म्हणतात.

तरी मी सराव केला. डिसेंबरच्या एका दुपारी, बाहेर 31 अंश असताना, मागवलेले थर्मल अंगात घातले, त्यावर कुर्ता, त्यावर स्वेटर, गळ्यात मफलर, आणि आरशासमोर कुठला थर किती दिसतोय ते बघत उभी राहिले. नेमकी बेल वाजली. समोरच्या वहिनी वाटीभर साखर मागायला आल्या होत्या. त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ओघळणारा घाम पाहिला, मफलर पाहिला, आणि काही न बोलता परत गेल्या. दहा मिनिटांनी गवती चहा, आलं आणि तुळशीचा काढा घेऊन आल्या. संध्याकाळपर्यंत बी विंगमध्ये मला मलेरिया झाला होता.

टोरांटोच्या वाटेवर दिल्लीला भावाकडे चार दिवस मुक्काम होता. त्याच्या मेहुण्याच्या मुलाचं लग्न. उत्तरेत संक्रांतीपर्यंत खरमास, म्हणजे लग्नं वर्ज्य, म्हणून मुहूर्त सगळे त्यानंतर तुंबलेले. मला वाटलं होतं, दिल्ली म्हणजे रंगीत तालीम. पण दिल्लीची थंडी वेगळ्याच स्वभावाची निघाली. तिथे बाहेरच्यापेक्षा घरात जास्त गारठा. घरं उन्हाळ्याच्या भीतीनं बांधलेली, खाली संगमरवर, आणि खोली गरम ठेवायची सोय म्हणजे एक हीटर, तोही ज्याच्या पायाशी असेल त्याचाच. लोक उबेसाठी घराबाहेर पडून गच्चीवर उन्हात बसतात आणि शेंगा सोलतात. दिल्लीच्या थरांचा नियम एकच, चढवलेलं उतरवायचं नाही. वहिनी आतल्या थर्मलला ‘इनर’ म्हणत होती, आणि नोव्हेंबरात अंगात गेलेला इनर होळीलाच बाहेर येतो, असं तिनं मला गंभीरपणे सांगितलं. अंघोळीचं मी विचारलं नाही.

त्या हिशेबानं मी लग्नाला गेले. उघडं लॉन, रात्रीचे अकरा, पारा आठ-नऊवर. मी पैठणीच्या आत थर्मल, वर स्वेटर, वर शाल, डोक्याला स्कार्फ, पायात मोजे आणि मोज्यावर अंगठ्याची चप्पल. म्हणजे मोजा अंगठ्याशी चिमटून आत खुपसलेला, ज्यांनी केलंय त्यांना कळेल. आणि आजूबाजूला दिल्लीच्या साठ-साठ वर्षांच्या बायका बिनबाह्यांच्या ब्लाऊजमध्ये, पाठ उघडी, हातात आइस्क्रीम. गच्चीवर सकाळी तीन शाली पांघरून बसलेल्या याच बायका! मग कळलं, दिल्लीत थर घालायचे ते लग्न सोडून. लग्नाच्या अल्बममध्ये मी नवऱ्या मुलाच्या शेजारी उभी आहे. अख्ख्या अल्बममध्ये गिर्यारोहण करून आल्यासारखी दिसणारी ती एकच.

टोरांटोला उतरले. लेकीनं माझ्यासाठी काळा पार्का घेऊन ठेवला होता. गुडघ्यापर्यंत लांब, पिसं भरलेला, मागे भलंमोठं टोपडं. मोठ्या माणसांची कुंचीच ती. कानटोपीला तिकडे ‘टूक’ म्हणतात. टूक घातल्यावर माणूस टुकार दिसतो हे इतक्या सरळपणे कबूल करणारी दुसरी भाषा मला माहीत नाही. रस्त्यावर पाहावं तो काळा कोट. वर्षात काळं घालायला आपल्याला संक्रांत हा एकच सण; यांची संक्रांत नोव्हेंबर ते एप्रिल चालते.

पहिल्या दिवशी बाहेर पडायचं ठरलं. तापमान उणे 10, वारा ताशी 30 किलोमीटर. अंगाला ते उणे 20 सारखं लागतं, असा तिथला हिशेब. मी खोलीत जाऊन शांतपणे, दिल्लीची शिस्त पाळून, एकेक थर चढवला. पंचवीस मिनिटं लागली. आणि इथेच माती खाल्ली. टोरांटोत भाड्याच्या घरात हिवाळ्यात किमान 21 अंश ठेवणं घरमालकाला कायद्यानं बंधनकारक आहे. एकवीस! ज्या आकड्याला आमची सोसायटी कानटोप्या काढते, त्यात मी पार्का घालून, बुटाची नाडी बांधायला वाकून वाकून थकले होते. आत सुती ब्लाऊज घामानं चिंब. बाहेर पडून बसस्टॉपपर्यंत पोचले आणि तो ब्लाऊज कोणीतरी फ्रीजरमधून काढून घातल्यासारखा झाला. जावई इंजिनियर. त्यांनी तिथेच, वाऱ्यात उभं राहून, पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगानं उष्णता ओढून नेतं, लोकर भिजली तरी थोडी ऊब ठेवते, सुती कापड मात्र दगा देतं, हे सगळं समजावून सांगितलं. मी दात वाजवत माना डोलावल्या. “शेवटचा थर दारात घालायचा, आई,” ते म्हणाले. हे लग्नाआधी सांगायला हवं होतं.

मग बसमध्ये पुन्हा उकाडा. बसमधून उतरलं की पुन्हा उणे दहा. दुकानात पुन्हा उकाडा. तिकडची माणसं कांदा सोलल्यासारखी झरझर सुटी होतात, कोट हातावर, टूक खिशात, आणि आतला तो आखूड स्वेटर व लांब शर्ट नीट दिसायला लागतो. मी स्वेटर डोक्यावरून ओढून काढला, तर तडतड आवाज आला आणि केस उभे राहिले. कोरड्या हवेत लोकर घासली की वीज तयार होते म्हणे. काउंटरवरच्या मुलीच्या हातात नाणी दिली, तर आम्ही दोघीही दचकून ओरडलो. महावितरणचा एवढा झटका मला बिलातही बसलेला नाही.

आणि मग आलं हळदीकुंकू.

रथसप्तमीच्या आधीच्या शनिवारी लेकीच्या ओळखीतल्या मराठी बायकांनी एक हॉल घेतला होता. मी ठाण्याहून काळी चंद्रकळा मुद्दाम नेली होती. या वेळी काहीही चुकवायचं नव्हतं. आत थर्मल, त्यावर ब्लाऊज, त्यावर साडी, त्यावर नवऱ्याचा बिनबाह्यांचा स्वेटर, त्यावर मरून स्वेटर, त्यावर शाल, आणि शेवटचा पार्का अगदी दारात, जावयांच्या देखत. सात थर. चेन वर ओढली, ती छातीपर्यंत आली आणि थांबली. मी जोर लावला. ती आणखी दोन इंच वर गेली आणि मग ना वर ना खाली. घाई होती, तशीच निघाले.

हॉलच्या दारात खरं लेअरिंग पाहायला मिळालं. पन्नासेक बायका बर्फाचे बूट काढून पिशवीतल्या कोल्हापुरी पायात सरकवत होत्या, कोट खुंटीला जात होते, आणि कोटातून, फुलपाखरू कोशातून निघावं तशा, गजऱ्यासकट काळ्या साड्या बाहेर येत होत्या. एका मुलीनं पोलोनेकवर साडी नेसली होती, म्हणजे आतला थर गळ्याशी बरोब्बर दिसत होता. मी कौतुकानं पाहत चेन खाली ओढली. सरकेना. लेकीनं ओढली. तिच्या मैत्रिणीनं ओढली. मग एकीनं वाकून पाहिलं आणि निदान केलं, “काकू, आत साडी अडकलीय.” चंद्रकळेचा पदर, शालीचं टोक आणि मरून स्वेटरचा एक धागा, तिघंही त्या दातांमध्ये एकजुटीनं उभे होते. कोट डोक्यावरून काढावा, तर पदर फाटणार. खालून उतरवावा, तर साडीसकट मीच उतरणार.

बसले तशीच. आत बावीस अंश, अंगावर सात थर. सगळ्या जणी हलव्याच्या दागिन्यांबद्दल बोलत होत्या आणि मी कोटात शिजत होते. कोणीतरी उखाण्याचा आग्रह केला. मी घेतला: “सात थरांत अडकले, चेन काही निघेना, अमुकरावांचं नाव घेते, पदर काही सुटेना.” टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं काव्य आहे.

मग ओटी. यजमानीण तांदूळ, नारळ, हरभरे, बोरं, तिळगूळ घेऊन समोर उभी. “काकू, पदर पुढे करा.” पदर कुठे, तर चेनमध्ये. रिकामी ओंजळ पुढे करावी, तर सवाष्णीची ओटी ओंजळीत कशी घ्यायची? क्षणभर सगळा हॉल धर्मसंकटात. शेवटी ती पोलोनेकवाली मुलगी माझ्या मागे गेली, कुंचीचं टोपडं दोन्ही हातांनी उघडून धरलं आणि म्हणाली, “इथे घाला, जागा आहे.” शास्त्रात याला आधार नसेल, पण विरोधही नसावा. एकेक करत पाच जणींनी टोपड्यात ओटी भरली. नारळामुळे कोटाचा गळा मागे खेचला जाऊन मी सतत छताकडे पाहत होते. फोटोत भक्तिभाव आल्यासारखा दिसतो.

निघताना लेकीनं नारळ काढून पिशवीत टाकले, हे माझं नशीब. बाकीचं घरी जाऊन काढू म्हणालो. बसस्टॉपवर आलो आणि शहराला लागून असलेल्या तळ्याकडून असा वारा सुटला, की डोळ्यांत पाणी आलं. हात आपोआप मागे गेले आणि मी टोपडं डोक्यावर ओढलं.

तांदूळ, हरभरे, बोरं, चुरमुरे, तिळाच्या वड्या आणि रंगीत हलवा, सगळं डोक्यावरून, नाकावरून, खांद्यांवरून बर्फात. काळा कोट, काळी साडी, अंगावर बोरं. आमच्याकडे पहिल्या संक्रांतीला तान्ह्या बाळाचं बोरन्हाण करतात, त्यात काहीच उणं राहिलं नव्हतं. बसस्टॉपवरची चिमुरडी मुलगी आईचा हात सोडून टाळ्या पिटायला लागली. लेक हसून हसून खांबाला टेकली. न्यायला आलेले जावई म्हणाले, “हा शेवटचा थर दारात घालायचा राहिला.”

चेन घरी आल्यावर साबण लावून, पक्कड घेऊन सुटली. चंद्रकळेच्या पदराला चार दातांची ओळ आणि एक भोक. ठाण्याला परत आल्यावर रफूवाल्याकडे नेली. त्यानं पदर उजेडात धरला, भिंग लावलं आणि म्हणाला, “काळजी करू नका ताई, जरासुद्धा दिसणार नाही.”

मी म्हटलं, “थोडं दिसू दे.”