आस्वादव्रताची कैफियत

चौतीस वर्षे दुसऱ्यांच्या हिशेबांतल्या चुका काढण्यात घालवल्यावर मनुष्याच्या स्वभावात एक प्रकारची निरुपद्रवी क्रूरता वस्तीला येते, आणि सेवानिवृत्तीनंतर ती कोणावर खर्च करावी हा प्रश्न मोठा बिकट होऊन बसतो. घरात लेखापरीक्षणास कोणी राजी नव्हते. डब्यातल्या तूरडाळीची शिल्लक पडताळण्याचा माझा पहिलाच प्रयत्न सौभाग्यवतींनी उभ्या उभ्या निकालात काढला होता. अशा विमनस्क अवस्थेत गेल्या मार्गशीर्षात भाच्याच्या मोबाइलवर मी एक तरुण पाहिला. तो लालभडक शेवया, नाकाडोळ्यांतून पाणी गाळीत, गिळत होता आणि लक्षावधी लोक त्याची वाहवा करीत होते. हल्लीची मुले यास ‘चॅलेंज’ म्हणतात. मी त्यास आस्वादव्रत असे नाव दिले. वर्षभर दर रविवारी, पूर्वी कधी न चाखलेला एक पदार्थ, होता होईल तो पूर्वी कधी पाऊल न ठेवलेल्या भोजनगृहात, वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या हद्दीत राहून ग्रहण करावयाचा, असा संकल्प सोडला. हद्द मुद्दाम मुक्रर केली, कारण हद्दीवाचून व्रत म्हणजे भत्त्यावाचून दौरा.

त्याकरिता जाड बांधणीची एक वही आणून पाच रकाने आखले: अनुक्रमांक, दिनांक, पदार्थ, लागलेले धैर्य, शेरा. धैर्याची मोजदाद आण्यांत ठेवली. ‘सोळा आणे’ या शब्दांत जो भरघोस विश्वास आहे तो शंभर टक्क्यांत नाही.

प्रारंभीच एक कायदेशीर अडचण उपस्थित झाली. आमच्या सोपाऱ्याच्या परिसरात सम्राट अशोकाच्या दोन आज्ञालेखांचे तुकडे सापडलेले आहेत. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींना मिळालेला आठवा आणि 1956 साली भुईगावात हाती लागलेला नववा. आठव्यात सम्राट सांगतात की पूर्वीचे राजे मौजेच्या विहारयात्रा काढीत, त्या सोडून आपण धर्मयात्रा आरंभिल्या. आणि नवव्यात, लोक प्रसंगोपात्त जी नाना प्रकारची मंगलकृत्ये करतात त्यांचे फळ अल्प असते, असा स्पष्ट अभिप्राय आहे. म्हणजे साऱ्या भारतवर्षातून वेचून नेमक्या माझ्याच तालुक्यात जे दोन हुकूम सापडावेत, त्यांतला एक माझ्या रविवारच्या भटकंतीविरुद्ध आणि दुसरा माझ्या व्रताविरुद्ध! तथापि दोन्ही शिळा आता मुंबईच्या संग्रहालयात असल्यामुळे त्यांचा अंमल दहिसर खाडीच्या अलीकडे चालत नाही, असा निर्णय मी स्वतःच्या अधिकारात दिला आणि पुढे गेलो.

खरी हरकत घरातून आली. दुसऱ्या बाजीरावाने 31 डिसेंबर 1802 रोजी याच वसईत इंग्रजांशी तह केला, कंपनीचे सहा हजार पायदळ पदरी बाळगण्याचे कबूल केले आणि त्याच्या खर्चापायी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून दिला, हे शाळेत शिकताना आम्हांस त्या पेशव्याचा मोठा राग येत असे. आता येत नाही. सौभाग्यवतींनी घातलेली कलमे अशी: औषधपाण्याचा खर्च माझ्या पेन्शनीतून व्हावा, कोणत्याही पदार्थाचा वास घरात येता कामा नये, आणि माझ्या जीविताच्या रक्षणार्थ, नालासोपाऱ्यास राहणारे त्यांचे बंधू, म्हणजे आमचे शालक, प्रत्येक मोहिमेवर बरोबर असावेत, त्यांच्या उदरभरणाचा बोजा अर्थातच मजवर. तैनाती फौज म्हणजे काय, हे मला त्या दिवशी सोळा आणे उमगले.

महानगरपालिका 3 जुलै 2009 ला अस्तित्वात आली. तेव्हापासून येथे जितक्या इमारती उठल्या, त्यांच्या तळमजल्यांवर औषधांची दुकाने आणि क्लासेस यांना पुरून उरलेल्या गाळ्यांत भोजनगृहे निघाली, आणि त्या प्रत्येकाने पृथ्वीवरील एखादे दूरस्थ नगर पाटीवर कोरून घेतले. विरार पश्चिमेच्या एका रुंद रस्त्यावरील अशाच एका गाळ्यापासून मी आरंभ केला. कार्ड चौदा पानांचे, प्लास्टिकात मढवलेले; नवव्या पानावर मेक्सिको, दहाव्यावर इटली, अकराव्यावर थायलंड, आणि या समस्त राष्ट्रांच्या पायथ्याशी, युनोच्या सरचिटणिसाच्या मध्यस्थीसारखी, एक ओळ: ‘जैन मिळेल’. मी मेक्सिकोवर बोट ठेवले. वाढप्या अदबीने वाकून म्हणाला, “काका, रेग्युलर देऊ की जैन करू?”

“मेक्सिकोचे जैन कसे करतात?” मी जिज्ञासेने विचारले.

“कांदा काढतो, पनीर वाढवतो.”

इतक्या अल्प शब्दांत एका खंडाच्या धर्मांतराची प्रक्रिया मी पूर्वी कोणाकडून ऐकली नव्हती. मग बशी आली. तीत ढबू मिरची होती, मक्याचे दाणे होते, तांबडा रस होता आणि या सर्वांवर, पुरानंतरच्या गाळासारखा, वितळलेल्या चीजचा थर होता. पुढील रविवारी दुसऱ्या गाळ्यात इटली मागवली. ढबू मिरची, मका, तांबडा रस, चीज. आकार मात्र गोल. तिसऱ्या रविवारी थायलंड. रस पांढरा, बाकी सदरप्रमाणे. चार महिन्यांत पाच राष्ट्रांच्या खतावण्या मी एकमेकींशी ताडून रुजवात घातली, तेव्हा प्रारंभीची शिल्लक सर्वत्र तीच आढळली. अफरातफर झाली होती ती केवळ नावांची. धैर्याच्या रकान्यात दोन आण्यांच्या वर मजल जाईना, आणि तेही पदार्थापेक्षा बिल पाहताना लागलेले. शालक मात्र प्रसन्न होते. आंतरराष्ट्रीय जेवण इतके ओळखीचे निघेल याची त्यांना कल्पना नव्हती. दर खेपेस ते दुसरी बशी मागवीत.

चीनच्या बाबतीत तर माझी घोर फसगत झाली. मांचुरियन हा पदार्थ मांचुरियाचा, अशी माझी भूगोलाच्या आधारे समजूत होती. चौकशी करता निष्पन्न झाले ते असे की, कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वँग या चिनी वंशाच्या आचाऱ्याने तो 1975 साली मुंबईच्या क्रिकेट क्लबात रचला. म्हणजे हा परदेशी पाहुणा आमच्याच रेल्वेमार्गाच्या दुसऱ्या टोकाला, चर्चगेटला, जन्मून विरार लोकलने येथवर आलेला! विरार लोकलमध्ये चढून उतरण्यास लागणारे धैर्य वेगळ्या सदरी पडते, सबब ते येथे जमा धरले नाही.

तेव्हा मोहिमेचा रोख मी पाटीवाल्या गाळ्यांकडून आतल्या गावांकडे वळवला आणि आम्ही अगाशीस गेलो. तेथील भुजिंगाची कीर्ती मी ऐकून होतो. परंतु ऐकणे निराळे आणि प्रत्यक्ष दर्शन निराळे. मसाला लावून निखाऱ्यांवर भाजलेले कोंबडीचे तुकडे, तळलेला बटाटा आणि या दोहोंच्या गर्दीत सर्वांगाला मसाला फासून बसलेले पोहे! होय, पोहे. ज्यांच्या साक्षीने माझा विवाह ठरला, ज्यांची बशी थरथरत्या हातांनी पुढे करताना सौभाग्यवतींनी मला आयुष्यात एकदाच खाली मान घालून पाहिले, त्या सात्त्विक, खोबरे-कोथिंबीर ल्यालेल्या पोह्यांना कोंबडीच्या इतक्या निकट सहवासात पाहून मला क्षणभर एखाद्या सोवळ्या आत्याबाई ताडीच्या गुत्त्यात दिसाव्यात तसे झाले. धैर्य: नऊ आणे. शेरा लिहिणे तहकूब ठेवावे लागले, कारण वही काढीपर्यंत शालकांनी पुडा संपवला होता. (भुजणे ते वेगळे. ते कांदा, हिरवे वाटण, तेल आणि मासळी किंवा अंडी एकत्र कालवून आमच्या इकडच्या घरांत शिजते. मी भुजिंगाच्या दुकानात भुजणे मागितले. त्या प्रसंगाचे वर्णन करण्याची माझ्यावर सक्ती नाही.)

पलीकडच्या ख्रिस्ती बिऱ्हाडातून नाताळात आलेले फुगे मी हॉटेलबाह्य म्हणून नोंदवले नाहीत; पण ते खाताना आजीची एक गोष्ट आठवली. पोर्तुगिजांच्या अमदानीत विहिरीत पाव टाकला म्हणजे ते पाणी प्यालेले सबंध गाव बाटले असे समजत, ही आख्यायिका ती आवाज खाली आणून सांगे. चिमाजी अप्पांनी 1739 च्या मे महिन्यात वसईचा किल्ला घेतला आणि पोर्तुगीज गेले. पाव गेला नाही. त्यांनीच आणलेला बटाटा त्याच्या पोटात शिरला, त्यांच्याच जहाजांतून उतरलेली मिरची शेजारी येऊन बसली, आणि आज सकाळी वसई रोड स्टेशनाबाहेर गाडीवर उभा असलेला जो तो, विहिरीचा विचारही मनात न आणता, हे सारे एकत्र गिळून कचेरी गाठतो. त्या पूर्वजांतल्या ज्या कोणी पहिला पाव तोडला असेल, त्याला माझ्या वहीत सोळा आणे देणे प्राप्त आहे. माझ्या स्वतःच्या खाती मात्र वैशाखअखेर एकंदर बेरीज फार दुबळी दिसत होती.

मग ज्येष्ठ आला, पाऊस पडला, आणि सौभाग्यवती भगिनीकडे डोंबिवलीस गेल्या. तह आपोआप स्थगित झाला.

रविवारी सकाळी स्टेशनाबाहेरच्या भिंतीलगत, पूर्वेकडच्या डोंगरपायथ्याच्या पाड्यांवरून आलेल्या बायका प्लास्टिकचे कागद अंथरून बसल्या होत्या. त्यांच्यापुढे जांभळट तपकिरी रंगाच्या, मिटलेल्या छत्रीसारख्या टोकदार देठांच्या जुड्या होत्या. मी वीस पावसाळे त्यांच्यावरून दृष्टी फिरवीत लोकल पकडली आहे. थांबलो मात्र त्या दिवशीच.

“शेवळां आहेत, बाबा. तीस रुपये जुडी.”

मी तीस रुपये काढले. बाईने जुडी पिशवीत घातली आणि शेजारच्या ढिगातली हिरवी, बोराएवढी फळे ओंजळीत घेऊन म्हणाली, “काकडां घे दहाची.”

“ती कशाला?”

“लागतात.”

आता, ‘लागतात’ या एका शब्दावर मंजूर करून घेतलेले खर्च तोडण्यात माझी हयात गेली आहे. गाड्यांना सुटे भाग लागतात, कार्यालयाला पडदे लागतात, साहेबांना दौऱ्यावर बिसलेरी लागते; प्रत्येक ठिकाणी मी तांबड्या शाईने ‘का?’ असे लिहिलेले आहे. मी बाईंकडे त्याच दृष्टीने पाहिले. “खाज येल,” ती म्हणाली. ही धमकी गिऱ्हाइकास भिववून मालाबरोबर दुसरा माल गळ्यात मारण्याच्या प्रचारातली आहे हे तत्काळ ध्यानात घेऊन मी दहा रुपये वाचवले आणि विजयी मुद्रेने घरी आलो.

शेवळे सोलावयाची असतात, आतला पिवळा भाग टाकावयाचा असतो, हे मला ठाऊक नव्हते. माल विकत घेतला तो सर्व वापरावयाचा, या तत्त्वाने मी संपूर्ण जुडी चिरली, कांद्यावर परतली, मीठ-मसाला घातला आणि झाकण ठेवले. वास उत्तम सुटला. तैनाती फौजेने परंपरेस अनुसरून “आधी तुम्ही” असे सुचवले. पहिला घास अत्यंत चवदार लागला. मटणाची आठवण व्हावी इतका. दुसराही. तिसरा घशाखाली उतरत असताना प्रथम जिभेच्या टोकाला, मग टाळूला, मग ज्यांचे अस्तित्व मला साठ वर्षांत जाणवले नव्हते अशा घशाच्या गल्लीबोळांत, कोणी टाचण्यांची डबी उपडी करावी तसे झाले. पाणी प्यालो, टाचण्या पसरल्या. दही खाल्ले, त्यांनी तेथे बिऱ्हाड केले. आरशात जीभ पाहिली तर ती काही विशेष दिसत नव्हती. इतकी यातना देणाऱ्या इंद्रियाने इतके निर्विकार दिसावे, याचा मला संताप आला. शालक, फौजेच्या ब्रीदास जागून, जिन्यापर्यंत सुरक्षित माघार घेऊन शेजारच्या काकूंना हाका मारीत होते.

काकू वाडवळ, जन्म येथलाच. त्यांनी आत येऊन माझ्याकडे नव्हे, कढईकडे पाहिले, डावाने एक फोड उलटी केली आणि एकच प्रश्न विचारला:

“काकडं कुठंत?”

उत्तर देण्यास माझा आवाज शिल्लक नव्हता. शेवळांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि काकडांच्या आंबट रसाने ती खाज मरते, हे मी नंतर पुस्तकात वाचले, काकूंनी ते चिंचेचे पाणी कालवता कालवता, “अहो, त्यावाचून कोण शिजवतं?” एवढ्यातच आटोपले.

दोन दिवस मी अवाक्षर बोललो नाही. बोलणे शक्यच नव्हते. सौभाग्यवती डोंबिवलीहून परतल्या. सकाळचा चहा, वर्तमानपत्र आणि दुधाचा हिशेब या तिन्ही प्रसंगी घरात शांतता राहिल्याचे पाहून त्यांनी बंधूंना आत बोलावून घेतले आणि हे कोणत्या हॉटेलात मिळते, पत्ता लिहून द्या, असे गंभीरपणे सांगितले.

वहीतील नोंदीपाशी मी बराच वेळ अडखळलो. यातनेच्या मानाने धैर्य सोळा आणे लिहावयास हरकत नव्हती. पण अज्ञानापोटी झालेला खर्च धैर्याच्या खाती टाकता येत नाही, हा दंडक मी स्वतः अनेकांना पत्रे धाडून कळवलेला. सबब तो रकाना कोरा ठेवला आणि शेऱ्यात लिहिले: ‘रुपये 10 ची बचत गैरवाजवी. संबंधितांकडून खुलासा मागवावा.’ खाली संबंधित म्हणून सही माझीच.

पुढल्या रविवारी स्टेशनाकडे गेलो. बाईने मला ओळखले. “काकडां नव्हती ना नेली?” ती म्हणाली, आणि भिंतीलगतची सबंध रांग, माझ्या तोंडाकडे पाहून, पदर तोंडाला लावून हसली. मी दहा रुपये पुढे केले आणि काकडे मागितली.

“आन शेवळां?”

“शेवळं नकोत.”

तिने माझ्याकडे, मी एके काळी कंत्राटदारांकडे पाहत असे तसे, पाहिले. ओंजळभर मोजून वर चार फळे जास्त टाकली. घरी पिशवी ओट्यावर उपडी केली तेव्हा सौभाग्यवतींनी एक फळ उचलून, बोटांत फिरवून, विचारले, “ही कशाला आणली?”

“लागतात,” मी म्हणालो.