काटा हालते ना!

बाळापुरात बुलेटवाल्या पोरांना सध्या एक खूळ लागलंय: आरपीएम मीटर. रॉयल एनफिल्डनं क्लासिक ३५०ला तो दिलाच नाही. जास्तीत जास्त ओढ ४००० फेऱ्यांना, ताकद ६१००ला. असल्या धीम्या इंजिनाची तब्येत कानाला कळते. पण कान चारचौघांना दाखवता येत नाही, काटा येतो.

जोडणी सोपी. लाल वायर चावीनंतरच्या करंटला, काळी अर्थिंगला, सिग्नलची इग्निशन कॉइलच्या प्रायमरीला. खरी गोम पुढे. एक सिलिंडर, चार स्ट्रोक, म्हणजे हिशोबानं दोन फेऱ्यांना एक ठिणगी; काही इंजिनं मात्र फेरीगणिक टाकतात. मीटर त्याप्रमाणे सेट केला नाही तर आकडा दुप्पट, नाहीतर निम्मा. निम्मा दिसला की पोरगं भांडायला येतं. दुप्पट दिसला की चहा पाजतं.

"भाऊ, उभ्या गाडीले दोन हजार कायले दाखवते?"

"काटा हालते ना? मंग!"

मग मिर्झाराजे जयसिंगांच्या छत्रीपर्यंत फेरी. वाटेत खड्डे, म्हशी, स्पीडब्रेकर. गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही. व्हिडिओ मात्र काट्याचाच, आणि तोही गाडी स्टँडवर लावून, रेस पिळून काढलेला.