ग्रामरपंत

बकिंगहॅमशरमध्ये जिथे चार मराठी घरं आहेत, तिथे एक ग्रामरपंत असतोच. आमच्या गावातही आहेत. त्यांचं खरं आडनाव आता फक्त गॅसच्या बिलावर उरलंय. एका बँकेच्या सॉफ्टवेअरसाठी पुण्याहून आलेला हा माणूस, चिरंजीव मुलांच्या ग्रामर स्कूलमध्ये लागले आणि त्या शाळेचाच होऊन बसला. चिरंजीव नुसते शाळेत जायचे. शाळा करायचे ते पंत.

कोणत्याही वाक्याची सुरुवात "आमच्या शाळेत…" अशी, आणि शेवट "मी आपलं सांगून ठेवतो" असा. मधे सल्ला. तो आपण मागितलेला नसतो. बोलणं हवापाण्यावरून सुरू झालं तरी तिसऱ्या मिनिटाला पंत १९४४च्या शिक्षण कायद्यावर येतात. मग एकेकाळी हजारावर असलेल्या ग्रामर शाळांतल्या आता इंग्लंडभर १६३च कशा उरल्या, १९९८च्या कायद्याने नवीन काढायलाच बंदी कशी आली, हे सगळं ते आपल्याच जमिनीला कुळकायदा लागल्यासारखं दुखावून सांगतात. शेजारच्या हाय विकमच्या शाळेची सनद १५६२ची. आमची बिचारी विसाव्या शतकातली. हे शल्य त्यांच्या मनात आहे.

पंतांचं वर्ष पाडव्याला सुरू होत नाही, सप्टेंबरात होतं. आणि सप्टेंबरातच दरवर्षी घोळ होतो, कारण इलेव्हन प्लस, म्हणजे ग्रामर शाळेच्या प्रवेशाची परीक्षा, आणि गणपती हातात हात घालून येतात. एका वर्षीचा प्रसंग माझ्या डोळ्यांसमोरचा आहे. भाड्याच्या हॉलमध्ये आरती रंगात आलेली, पंत डोळे मिटून झांजा वाजवतायत. तेवढ्यात तबक घेतलेली एक ताई त्यांच्या कानाशी वाकून विचारते, "पंत, नॉन-व्हर्बलला कुठलं पुस्तक?" पंत डोळे न उघडता, ठेका न चुकवता सांगतात, "कुठलंही. पण रोज दहा मिनिटं, घड्याळ लावून." पुढच्या कडव्याला आवाज दुप्पट.

आमच्या परगण्यात पास व्हायला १२१ गुण लागतात. त्यामुळे इथल्या बाप्पाला नवस २१ मोदकांचा बोलत नाहीत, १२१चा बोलतात. ही प्रथा पंतांनी पाडली आणि मोदक वहिनी, म्हणजे पंतांची बायको, वळतात. "बोलणारे हे, वळणारी मी," असं वहिनी म्हणतात, पण त्यांच्या मोदकाची कळी बघितली की नवस फेडायला लोक रांगेत का उभे राहतात ते कळतं.

वयाच्या दहाव्या वर्षी पोरांना चाळणीतून काढायचं मला पटत नाही, हे मी पंतांना तोंडावर सांगितलंय. वर ज्यांना शिकवणीचे पैसे परवडतात त्यांचीच पोरं वर राहतात, हेही सांगितलंय. पंत वाद घालत नाहीत. "खरं आहे तुमचं," म्हणतात, आणि तुमच्या पोराची जन्मतारीख विचारून घेतात.

पण ऑक्टोबरात निकालाची ईमेल येते त्या दिवशीचे पंत वेगळे असतात. आमच्यातल्याच एका मुलाला ११९ आले. घरात सुतक पडल्यासारखं झालं. आई फोन उचलेना, बाप कामावरून येईना. पंत संध्याकाळी गेले ते सायकलचा पंप आणि पान्हा घेऊन. त्या पोराची सायकल महिनाभर पंक्चर होऊन पडली होती, अभ्यासाच्या नादात कुणी बघितली नव्हती. अंगणात दोघं तासभर काळे हात करत बसले. परीक्षेचा विषय पोरानेच काढला, तेव्हा पंत एवढंच म्हणाले, "मी चौथीची स्कॉलरशिप हुकलो होतो. बघ, आज तुमच्या इंग्लंडात येऊन गाड्या लावतोय." मुलगा फिसकन हसला. अपर स्कूलमध्ये, म्हणजे ग्रामर न मिळालेल्यांच्या शाळेत, तो छान चाललाय. पंत त्याच्याही शाळेच्या नाटकाला तिकीट काढून जाऊन आले.

गाड्या लावतोय ही अतिशयोक्ती नव्हती. ओपन इव्हिनिंगला, म्हणजे होऊ घातलेले पालक शाळा बघायला येतात त्या संध्याकाळी, पंत पिवळं चकाकतं जाकीट चढवून कारपार्कात उभे असतात. इंग्रजी त्यांचं चांगलं आहे, पण गाडी रिव्हर्समध्ये गेली की ते आपोआप मराठीत जातात. "येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या… बास!" बीएमडब्ल्यूतला गोरा साहेब आरशात त्यांचा हात बघत बरोब्बर "बास"ला ब्रेक मारतो. आजवर एकाचाही बंपर घासलेला नाही.

त्यांचं खरं राज्य मात्र जुन्या गणवेशांच्या टेबलावर. शनिवारी सकाळी शाळेच्या डायनिंग हॉलमध्ये पालक संघाची विक्री असते. नव्या ब्लेझरची किंमत ऐकून घाबरलेले आईबाप तिथे येतात. पंत पोराकडे नुसते बघून माप सांगतात. "तीस. पण बत्तीस घ्या. नाताळनंतर हात बाहेर येतील, मी आपलं सांगून ठेवतो." खांदे उतरलेले, बाह्या बोटांपर्यंत, अशी सातवीची पोरं सप्टेंबरात बापाचा कोट घालून निघाल्यासारखी दिसतात, ती पंतांची करणी. जमा झालेल्या ब्लेझरांचे खिसे ते स्वतः तपासतात: वाळलेले चेस्टनट, बसचा पास, तुटकी फूटपट्टी, एकदा दगड झालेलं सँडविच. मग चष्मा कपाळावर सरकवून, वहिनींच्या शिवणाच्या डब्यातली बारीक कात्री घेऊन आतल्या नावाच्या पट्ट्या उसवतात. एका ब्लेझरच्या कॉलरखाली एकावर एक तीन पट्ट्या निघाल्या. तळाशी वेल्श नाव, मशीनवर शिवलेलं. त्यावर शीख नाव, आडव्या टाक्यांचं. सगळ्यात वर मराठी, तिरके टाके, दोरा काळ्याऐवजी निळा. "ही तुमची वहिनीच," पंत म्हणाले. होतीच. ब्लेझर चिरंजीवांचा होता. देऊन टाकलेला फिरून परत आला होता. पंतांनी तो विकला नाही, बाजूला ठेवला.

नोव्हेंबरात युद्धात गेलेल्यांच्या आठवणीसाठी ते कोटाला कागदी पॉपी लावतात आणि अकराच्या शांततेला ऑफिसातही उभे राहतात. डिसेंबरात कॅरल. पंतांना सगळी कडवी पाठ आहेत आणि ती ते भजनी मंडळात शोभेल अशा मोकळ्या गळ्याने म्हणतात. पुढच्या रांगेतल्या आज्या सुरुवातीला दचकायच्या, आता त्यांच्या भरवशावर गातात. मध्यंतरात मल्ड वाइनचा ग्लास हातात देऊन पंत नवख्यांना समजावतात, "काढाच आहे. फक्त आजारी नसताना प्यायचा."

आता पेरेंट्स इव्हिनिंग. ती हल्ली संगणकावर असते. दर शिक्षकाला पाच मिनिटं. कोपऱ्यात घड्याळ उलटं धावतं आणि वेळ संपली की पडद्यावरचे सर वाक्याच्या मधेच नाहीसे होतात. मी एकदा डबा परत करायला गेलो तो नेमका त्याच मुहूर्तावर. पंत वर कोट-टाय, खाली लेंगा असे बसलेले. समोर रेघा मारलेल्या कागदावर प्रश्न. भौतिकशास्त्राचे सर म्हणाले, मुलगा अतिशय सुस्वभावी आहे, वर्गात असला की बरं वाटतं. पंत म्हणाले, थँक यू, पण वर्गात कितवा? सर म्हणाले, आम्ही नंबर काढत नाही. हे वाक्य पंत वर्षानुवर्षं ऐकतायत आणि दरवर्षी त्यांचा चेहरा पडतो. नंबर काढत नाहीत? मग शाळा कशाला भरवतात? घड्याळ नऊ सेकंदांवर आलं. "बरं, पहिल्या दहांत तरी?" सरांनी तोंड उघडलं आणि पडदा कोरा झाला.

"ओठ बघितलेस? 'यस' म्हणत होते," पंत.

"ओठ गोल झाले होते," वहिनी स्वयंपाकघरातून. "'नो' होतं."

जानेवारी-फेब्रुवारीत रग्बी. चिरंजीव क संघात, तेही बहुधा पावसात उभं राहायला कुणीतरी हवं म्हणून. पंत रेषेवर छत्री घेऊन "धर! धर त्याला! अरे पायाला धर!" म्हणून ओरडायचे. मुलाने पाया पडून सांगितलं, बाबा, मराठीत ओरडू नका. तोवर उशीर झाला होता. अख्खा क संघ एकमेकांना "धर! धर!" करत होता.

पंतांच्या पुतण्याचं लग्न तर शाळेच्या इतिहासात नोंदवण्यासारखं आहे. इथे शाळा चालू असताना मुलाला परवानगीशिवाय रजेवर नेलं तर दंडाची नोटीस येऊ शकते, माणशी ८० पौंड. प्रश्न पैशांचा नव्हता. हजेरी शंभर टक्के होती, ती मोडणार कोण? पंतांनी पुण्याला थोरल्या भावाला फोन लावला. "दादा, मुहूर्त हाफ टर्ममध्ये काढा." गुरुजींनी पंचांग उघडलं. ऑक्टोबरचा हाफ टर्म, म्हणजे सत्राच्या मधली सुट्टी, चातुर्मासात. फेब्रुवारीत मुलीकडच्यांना कार्यालय मिळेना. राहिला मे अखेरचा आठवडा. अक्षता पडल्या तेव्हा हॉलमधले पंखे गरम वारा फेकत होते आणि नवरदेवाचा फेटा दोनदा पिळला असं म्हणतात. दादा अजून भावाशी थोडे जपूनच बोलतात. "कुठली ही तुझी शाळा," असं त्यांनी भर पंगतीत विचारलं, तर पंतांनी खिशातून फोन काढून पंगतीला शाळेचे फोटो दाखवले.

जुलैत मैदानावर जत्रा भरते आणि वहिनींचा वडापाव असतो. पाटीवर पंतांनी "स्पायसी पोटॅटो बर्गर" लिहिलं तेव्हा मी उघड नाराजी व्यक्त केली. दुसऱ्या वर्षी पोरांनीच पाटी पुसून "वडा" लिहिलं. शेजारच्या बार्बेक्यूवाल्यांपेक्षा मोठी रांग लागते आणि दुपारी दोनला पीठ संपतं. तेच भौतिकशास्त्राचे सर तळलेली मिरची अख्खी चावून डोळ्यांत पाणी आणून उभे होते. पंतांनी त्यांना ताक दिलं आणि संधी साधून विचारलं, "सर, पहिल्या दहांत?"

ऑगस्टातले दोन गुरुवार पंत जेवत नाहीत. एका गुरुवारी ए लेव्हलचा निकाल, पुढच्या गुरुवारी जीसीएसईचा. स्वतःच्या मुलाचा कुठलाच नसला तरी नाहीच जेवत. चिरंजीवांचा ए लेव्हलचा निकाल लागला त्या सकाळी मुलाने त्यांना फाटकाबाहेर थांबायला सांगितलं होतं. पंत थांबले. पाकीट घेऊन मुलगा बाहेर आला, चांगलेच मार्क होते. पंतांनी पाठीवर थाप मारली, आणि मग मागून रडत येणाऱ्या कुणा दुसऱ्याच्याच मुलाला बाजूला घेऊन, क्लिअरिंगला, म्हणजे विद्यापीठांतल्या उरलेल्या जागांसाठी, फोन कसा करायचा, आधी कोणता कागद जवळ ठेवायचा, हे समजावत अर्धा तास उभे राहिले. चिरंजीव गाडीत बसून वाट बघत होते. त्यांना सवय आहे.

सप्टेंबरअखेर चिरंजीव उत्तरेकडच्या एका विद्यापीठात गेले. आता तरी पंत मोकळे होतील असं आम्हाला वाटलं. वहिनींनी महाबळेश्वरला जायचे बेत आखले होते. पण पालक संघाने ठराव करून पंतांना ठेवून घेतलं; कारपार्कातली जबाबदारी दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं म्हणे.

परवा दुपारी दोघं आमच्याकडे चहाला आले. पंतांच्या हातात पिशवी. त्यांनी ती माझ्या मुलाच्या अंगाला लावून बघितली. आत ब्लेझर होता, कॉलरखाली निळ्या दोऱ्याचे तिरके टाके.

"तीस आहे. ठेवून द्या, मी आपलं सांगून ठेवतो."

"अहो पंत, पोरगा पहिलीत आहे! त्याचे दुधाचे दात पडतायत अजून. आणि मला ती परीक्षाच पटत नाही, सांगितलंय ना तुम्हाला?"

"ते आहेच हो," पंत म्हणाले, आणि मुलाच्या हाताची लांबी वितीने मोजायला लागले.

"घ्या हो, भावजी," वहिनी बशीत चहा ओतत म्हणाल्या. "आमच्या कपाटात अजून चौदा आहेत."