डॉसकाका

वसई-विरारच्या कुठल्याही जुन्या सोसायटीत तीन माणसं हमखास सापडतात. एक पाण्याच्या टँकरचा हिशेब ठेवणारे, दुसरे गणपतीची वर्गणी गोळा करणारे आणि तिसरे डॉसकाका. पहिल्या दोघांना लोक गाठतात, कारण काम असतं. डॉसकाका लोकांना गाठतात, कारण त्यांचं मशीन काल रात्री चालू झालेलं असतं.

त्यांचं घर शोधायला मजला विचारावा लागत नाही. ज्या गॅलरीच्या ग्रिलमध्ये तुळशीऐवजी पिवळी पडलेली तीन कॅबिनेटं दिसतात, ती त्यांची. हॉलमध्ये शोकेस आहे, पण त्यातला लग्नातला डिनर सेट कधीच पलंगाखाली गेलाय. काचेमागे आता सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्ह मांडलेत. पाहुणे आले की काकू पडदा ओढतात आणि काका तो सरकवतात.

दुखणं जुनं आहे. नव्वदच्या आसपास कॉम्प्युटर क्लासला जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. आत एसी, काचेचं दार, मशीनवर प्लास्टिकचं कव्हर आणि धुळीबद्दल सरांचं प्रवचन. वर्डस्टार, लोटस, डीबेस थ्री प्लस आणि जीडब्ल्यू-बेसिक एवढं शिकलं की नोकरी पक्की, असं जाहिरातीत लिहिलेलं असे. एका मशीनला तिघं बसत आणि कीबोर्ड मधल्याच्या ताब्यात असे. आमचे डॉसकाका संपूर्ण कोर्सभर डाव्या बाजूला बसले होते. आज त्यांच्याकडे चौदा कीबोर्ड आहेत आणि एकालाही ते दुसऱ्याचा हात लागू देत नाहीत.

संग्रहातला मानाचा गणपती म्हणजे स्पेक्ट्रम. ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीने १९८२ साली काढलेलं हे मशीन आपल्याकडे डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन १९८६ मध्ये विकायला आणलं. मेमरी ४८ के. व्हॉट्सॲपवर रोज सकाळी येणारा सुप्रभातचा गुलाब या मशीनमध्ये मावणार नाही, हे काका अभिमानाने सांगतात आणि ऐकणाऱ्यालाही तो त्या मशीनचा गुणच वाटतो. त्यावरचे खेळ ऑडिओ कॅसेटवरून लोड होतात. टेप रेकॉर्डर लावला की पाचेक मिनिटं कर्कश किर्रर्र चालतं, आणि शेवटच्या सेकंदाला एरर येतो. मग कॅसेट मागे फिरवायची, आवाज अर्धा काटा कमी करायचा, पुन्हा किर्रर्र. शेजारच्या आजींना बराच काळ वाटत होतं की यांच्याकडे जुना फॅक्स आहे आणि परदेशातून कोणी तरी सारखं काही पाठवतंय.

दुसरा मान बीबीसी मायक्रोचा. १९८४ मध्ये सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ नावाची योजना काढली, तिच्यातून हे मशीन देशभरच्या निवडक शाळांत पोचलं. मेमरी ३२ के. काकांच्या मते ते मुलांपेक्षा त्यावरच्या कुलपाच्या जास्त परिचयाचं होतं, म्हणून तर इतकं सुस्थितीत राहिलं.

माल मिळवण्याची तऱ्हा स्वतंत्र आहे. वालीव-सातिवलीकडच्या भंगारवाल्यांकडे काकांची उठबस आहे. तिथला माल किलोवर विकला जातो, पण प्रोसेसर वगळून. जुन्या सिरॅमिकच्या प्रोसेसरमध्ये सोनं असतं आणि पेंटियम प्रोमध्ये तर बरंच, हे भंगारवाल्याला काकांच्या आधी कळलेलं आहे. एकाला पिवळं सोनं हवं, दुसऱ्याला पिवळं पडलेलं प्लास्टिक. सौदा जमायला खरं तर हरकत नसावी. पण तासभर घासाघीस झाल्याशिवाय दोघांनाही चैन पडत नाही.

आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड तर काकांची पंढरीच. एकदा तिथून त्यांनी चौदा इंची मॉनिटर उचलला आणि दुपारच्या विरार गाडीच्या लगेजच्या डब्यात चढले. डब्यात मासळी विकून परतणाऱ्या मावशी, रिकाम्या पाट्या आणि मधोमध मॉनिटरला मिठी मारून उभे काका.

“टीवी हाय का ओ भाऊ?”

“नाही मावशी, कॉम्प्युटरचा आहे.”

“रंगीत?”

“नाही. हिरवा.”

“निसता हिरवा?”

“निसता हिरवा.”

मावशींनी एकदा मॉनिटरकडे पाहिलं, एकदा काकांकडे पाहिलं आणि पाटी सरकवून बसायला जागा करून दिली. नायगावला उतरताना म्हणाल्या, “पुढच्या टायमाला रंगीत घ्या, भाऊ.” विरार गाडीत कोणाला आपणहून बसायला जागा मिळाल्याची माझ्या ऐकिवातली ही एकमेव घटना.

घरी आल्यावर खरं काम सुरू होतं. ३८६ आणि ४८६ च्या बऱ्याच मदरबोर्डांवर निकेल-कॅडमियमची निळी बॅटरी झाळलेली असे. काही वर्षांनी ती गळते आणि तिच्यातली अल्कली तांब्याच्या रेषा खात सुटते. त्यावर उपाय व्हिनेगर. काकूंनी चायनीजसाठी आणलेली बाटली, घरातला एक टूथब्रश (कोणाचा ते सकाळी कळतं) आणि डोक्यावर भिंग लावून रात्री एकपर्यंत घासणं. मग फुगलेले कपॅसिटर बदलायचे, तुटलेल्या रेषांवर केसाएवढी तार झाळायची. त्यात वसईची खारी हवा. पोर्तुगीजांचा तट तिने अजून पुरता पाडला नाही, पण फ्लॉपी ड्राइव्हचा स्क्रू ती दोन पावसाळ्यांत खाते.

पिवळं प्लास्टिक पांढरं करायचा विधी मे महिन्यात गच्चीवर होतो. प्लास्टिकमध्ये आग लागू नये म्हणून ब्रोमिनची रसायनं घालत, त्यांच्यामुळे ते पिवळं पडतं असं मानतात. त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडची क्रीम फासून उन्हात ठेवायचं. ही क्रीम ब्यूटी पार्लरवाल्यांकडे मिळते. आपल्या झेनिथ कॉम्प्युटरसाठी काकांनी ४० व्हॉल्यूमची मोठी बाटली मागितल्यावर पार्लरवाल्या ताईंनी त्यांच्या टकलाकडे पाहून काळजीने विचारलं, “कोणासाठी हवंय?” काका म्हणाले, “झेनिथसाठी.” सोसायटीत आठवडाभर वेगळीच चर्चा होती. त्या वर्षी गच्चीवर एका बाजूला कुरडया, एका बाजूला सुकेळ्यांसाठी सोललेली राजेळी आणि मधे पसरलेली कीबोर्डची शंभरेक बटणं होती. कावळ्याने नेमकं एंटरचं बटण पळवलं.

एवढं सगळं करून मशीन चालू होतं. एकच छोटी बीप वाजते. म्हणजे सगळं ठीक. घरचे जमतात. स्क्रीनवर डॉसचा सी प्रॉम्प्ट लुकलुकतो. काका डीआयआर टाइप करतात, फायलींची यादी सरकते. काका मागे टेकून बघत राहतात.

“मग?” काकू विचारतात.

“मग काय? चाललं की.”

आणि मशीन बंद. दुसऱ्या दिवशी “पंख्याचा जरा आवाज येतोय” म्हणून पुन्हा झाकण उघडलेलं. माझं स्पष्ट मत आहे की डॉसकाकांना चालणारा कॉम्प्युटर नकोच असतो. त्यांना चालू होण्याच्या बेतात असलेला हवा असतो.

प्रोग्रॅमिंग मात्र ते मनापासून करतात. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये जीडब्ल्यू-बेसिकचा सोर्स कोड खुला केला तेव्हा त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर पेढ्यांचा फोटो टाकला होता. २०२४ मध्ये डॉस ४ चा खुला झाला तेव्हा पुन्हा तोच फोटो. त्याच उत्साहात त्यांनी सोसायटीच्या मेंटेनन्सची बिलं बेसिकमध्ये बसवली आणि रात्री साडेदहाला डॉट मॅट्रिक्सवर छापली. भिंतीला ड्रिल कोण मारतंय म्हणून खालच्या मजल्यावरून फोन आले. सकाळी बिलं वाटली, तर थकबाकीवरचं व्याज उणे. म्हणजे ज्यांनी वर्षानुवर्षं मेंटेनन्स भरला नव्हता, त्यांनाच सोसायटी पैसे देणं लागत होती. काकांच्या छंदाला सर्वसाधारण सभेत एवढा पाठिंबा त्याआधी किंवा त्यानंतर कधी मिळाला नाही.

दोष घड्याळाचा होता. बॅटरी काढून टाकलेल्या मशीनला तारीख आठवत नाही आणि डॉसचं पंचांग १ जानेवारी १९८० ला सुरू होतं. काकांच्या घरात त्यामुळे रोज तीच तारीख असते. वसई-विरार महापालिका व्हायला अजून २९ वर्षं आहेत, पालघर जिल्हा कोणाच्या डोक्यातही नाही, आणि थकबाकीदारांनी अजून फ्लॅट घ्यायचे आहेत.

याच घड्याळाने काकांच्या एका जुन्या इच्छेवर पाणी फिरवलं होतं. १९९० मध्ये भारतात ‘जोशी’ नावाचा व्हायरस सापडला. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसतो, वर्षभर गप्प राहतो आणि ५ जानेवारीला मशीन अडवून सांगतो की ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप करा. केलं की सोडतो. पैसे नाहीत, धमकी नाही, फक्त शुभेच्छा द्या. हे जोशी कोण, हे कोणालाच कळलेलं नाही. काकांकडे या व्हायरसची अस्सल फ्लॉपी आहे, ते तिला पोथीसारखं जपतात आणि हा वाढदिवस एकदा स्क्रीनवर बघावा ही त्यांची इच्छा. पण त्यांचं मशीन दर वेळी १ जानेवारीला उठतं. ५ तारीख उजाडायला ते चार दिवस अखंड चालू राहायला हवं, आणि चार दिवस अखंड वीज हे वसईत कोणी पाहिलेलं नाही. तारीख हाताने बदलता येते, असं मी सुचवलं. काका दुखावले. म्हणाले, “वाढदिवस असा ओढून आणायचा असतो का?”

लोक हसतात, पण गरज पडली की यांच्याच दारात येतात. एका वाचनालयाला आपली जुनी स्मरणिका पुन्हा छापायची होती. मजकूर होता एका सव्वापाच इंची फ्लॉपीवर, आणि फ्लॉपीवर होती बुरशी. युनिकोडच्या आधी मराठीचं प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या सांकेतिक लिपीत लिहायचं. फाइल उघडली तरी दुसऱ्या मशीनवर अक्षरांचा नुसता चिवडा दिसे. काकांनी फ्लॉपीचं पाकीट कापलं, आतली चकती धुतली, वाळवली, दुसऱ्या पाकिटात घातली आणि मराठी अक्षरं दाखवणारं सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवलेल्या ३८६ वर लावली. तिसऱ्या प्रयत्नात अध्यक्षांचं मनोगत अक्षर न् अक्षर बाहेर आलं. ते वाचल्यावर बुरशीनेही काही वाईट केलं नसतं असं कार्यकारिणीत एक मत पडलं, तो भाग वेगळा.

तेव्हा वाचकहो, माळ्यावर जुना कॉम्प्युटर पडला असेल तर या रविवारी त्याचं झाकण उघडा. आत निळी बॅटरी दिसली तर आधी ती कापून काढा, आणि घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. मशीन भंगारात घालण्याआधी जवळच्या डॉसकाकांना एक फोन करा. ते स्वतः येतील, स्वतः उचलतील, रिक्षाचे पैसेही तेच देतील. फक्त काकूंना आधी कळवू नका.